घशात अडकलेली आठळी : पोटातले आम्ल आणि बसलेला आवाज

सकाळी उठल्यावर आवाज घोगरा येतो. दहा-पंधरा वेळा खाकरावे लागते. घशात काहीतरी चिकटून बसले आहे असे वाटते, आणि दुपारपर्यंत थोडे मोकळे होते. ताप नाही, सर्दी नाही. मेडिकलवाल्याने दिलेल्या कफ सिरपच्या दोन बाटल्या संपल्या, मिठाच्या गुळण्या झाल्या, हळद-दूध झाले, तरी खाकरणे थांबत नाही. वस्तीत आरोग्य शिबिर घेतले की अशी माणसे आम्हाला हमखास भेटतात. हातगाडीवर ओरडून भाजी विकणाऱ्या बाया, अंगणवाडीच्या ताई, रिक्षावाले, रात्रपाळीचे सफाई कामगार, भीमगीते गाणारे कलावंत. सगळ्यांना वाटते रोग घशाचा आहे. त्यांतल्या बऱ्याच जणांचा त्रास दिसतो घशात, पण निघतो पोटातून.

अलीकडे यात एका प्रश्नाची भर पडली आहे. घराघरांतल्या मुली मोबाइलवर कोरियन मालिका बघतात. तिथले खाणे, तिथली साबणे, तिथले काढे सगळे त्यांना ठाऊक असते. "ताई, कोरियात म्हणे यावर पाकिटातला काढा मिळतो, त्याने आवाज मोकळा होतो. मागवायचा का?" प्रश्न चांगला आहे. कोरियाची पारंपरिक वैद्यकी या दुखण्याला फार पूर्वीपासून ओळखते, हे खरे आहे. पण तिथे तो काढा कुणाच्या हातून आणि कशानंतर पोटात जातो, हे समजल्याशिवाय पाकीट मागवू नये. म्हणून हा लेख.

आधी दुखणे समजून घेऊ. आपण गिळलेला घास अन्ननलिकेतून जठरात उतरतो. या नळीला दोन दारे आहेत. एक खाली, जठराच्या तोंडाशी. दुसरे वर, घशाशी. घास गेला की दोन्ही दारे मिटायला हवीत. खालचे दार सैल पडले की जठरातले आम्ल वर चढते. ते छातीपर्यंत आले की जळजळ होते, आंबट ढेकर येतात. त्याला आपण पित्त झाले म्हणतो, ॲसिडिटी म्हणतो. काही माणसांत मात्र आम्ल वरचेही दार ओलांडते आणि त्याचे शिंतोडे थेट स्वरयंत्रावर उडतात. जठराला आम्लापासून वाचवणारा जाड चिकट थर आतून असतो. अन्ननलिकाही थोडेफार आम्ल सोसते आणि लाळेबरोबर परत खाली ढकलते. स्वरयंत्राला असे कवच नाही. आवाजाच्या दोन नाजूक पट्ट्या तिथे असतात. त्यांना थोडेसे आम्लही पुरते.

आम्लाबरोबर आणखी एक रस वर येतो, पेप्सिन. मटण, अंडी, डाळ यांतली प्रथिने पचवणारा हा रस आहे. तो घशाच्या अस्तराला चिकटून राहतो आणि आम्ल नसेल तेव्हा निपचित पडतो. वरून आंबट काही प्यायले की पुन्हा जागा होतो आणि आपल्याच घशाचे मांस पचवू लागतो. "घसा बसलाय म्हणून लिंबू सोडा प्यायलो" असे कुणी सांगितले की म्हणूनच आम्ही कपाळाला हात लावतो.

या प्रकारात पुष्कळांना छातीत जळजळ होतच नाही. त्यामुळे पोटाकडे कुणाचे लक्ष जात नाही. डॉक्टर याला मूक रिफ्लक्स म्हणतात. अमेरिकेतल्या तीन डॉक्टरांनी २००२ साली नऊ प्रश्नांची एक यादी छापली, ती आजही जगभर वापरली जाते. आवाज घोगरा होतो का? सारखे खाकरावे लागते का? घशात कफ साचल्यासारखा वाटतो का? गिळताना अडखळते का? जेवल्यावर किंवा आडवे झाल्यावर खोकला येतो का? अचानक श्वास कोंडल्यासारखे होते का? त्रासदायक खोकला असतो का? घशात गोळा अडकल्यासारखा वाटतो का? छातीत जळजळ, आंबट पाणी येते का? प्रत्येक प्रश्नाला त्रासाप्रमाणे ० ते ५ गुण द्यायचे. बेरीज १३ च्या वर गेली तर या दुखण्याची शंका घ्यायची. लक्षात ठेवा, शंका घ्यायची. हीच लक्षणे ॲलर्जीत, दम्याचा पंप वापरल्यावर, थायरॉईडमध्ये, फार ओरडल्याने आणि कर्करोगातही येतात.

आता कोरियाकडे जाऊ. 'घशात गोळा' हे जे लक्षण आहे, त्याला कोरियन वैद्यकीत स्वतंत्र नाव आहे : मेहेक्गी. मे म्हणजे आलुबुखाराच्या जातीचे एक आंबट फळ, हेक म्हणजे त्याची आठळी, गी म्हणजे शरीरातला वाहता प्राण, दम. घशात फळाची आठळी अडकली आहे, ती गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही, पण बोट घालून पाहावे तर काहीच नाही. आपल्याकडच्या बाया "बोराची बी अडकल्यागत होतं" म्हणतात, तेच हे. कोरियन वैद्यकी चीनच्या जुन्या ग्रंथांच्या पायावर उभी आहे, आणि त्यांतल्या सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या झांग झोंगजिंग या वैद्याच्या ग्रंथात हेच लक्षण आहे. तिथे बाईच्या घशात भाजलेल्या मांसाचा तुकडा अडकावा तसे, असे वर्णन आहे. त्यावरचा त्याचा काढा आजही कोरियात दिला जातो. नाव बान्हा-हुबाक-तांग. तांग म्हणजे काढा.

त्यात पाच वस्तू असतात. बान्हा नावाचा कंद, मॅग्नोलियाच्या जातीच्या झाडाची साल, पाइनच्या मुळांवर वाढणारी एक बुरशी, पेरिला नावाच्या तुळशीच्या कुळातल्या झाडाची पाने, आणि आपले ओळखीचे आले. त्यामागचा त्यांचा विचार असा की जठराची गी खाली वाहायला हवी. ती उलटी वर चढली, किंवा मनस्तापाने छातीत कोंडली, की घशात गाठ बसते. म्हणून गाठ सोडवायची आणि प्रवाह खाली वळवायचा. गी यंत्रावर मोजून दाखवता येत नाही, आणि आम्ही आधुनिक वैद्यकाच्या शिकवणीतले असल्याने तिला शरीरशास्त्र म्हणणार नाही. पण खाली जायचे ते वर आले हे त्यांनी दुर्बीण नसताना हेरले होते, एवढे मान्य करायला हवे.

यातला बान्हा नीट समजून घ्या. तो अळू आणि सुरणाच्या कुळातला कंद आहे. कच्चे अळू किंवा खाजरा सुरण खाल्ल्यावर घशाला कशी सुया टोचल्यासारखी खाज सुटते? त्या झाडांत सुईसारखे बारीक खडे असतात, म्हणून आपण चिंच, आमसूल घालून भरपूर शिजवतो. बान्हातही तेच खडे असतात. कच्चा पोटात गेला तर जीभ बधिर होते, घसा सुजतो. जो घसा बरा करायचा तोच सुजवणारा हा कंद आहे. म्हणून तिथले वैद्य तो आले आणि तुरटीबरोबर प्रक्रिया करूनच वापरतात. कुठल्यातरी दुकानातून आलेल्या, ज्यावर काय लिहिले आहे ते आपल्याला वाचताही येत नाही अशा पुडीतला बान्हा प्रक्रिया केलेला आहे की कच्चा, हे घरी बसून कसे कळणार?

कोरियात हे कळण्याची व्यवस्था आहे. जपानी राजवटीत तिथल्या पारंपरिक वैद्यांना दुय्यम दर्जा दिला गेला होता. स्वातंत्र्यानंतर, युद्ध चालू असतानाच, १९५१ च्या कायद्याने दक्षिण कोरियाने दोन प्रकारचे डॉक्टर मान्य केले : आधुनिक वैद्यकाचे आणि कोरियन वैद्यकीचे. कोरियन वैद्यकीच्या डॉक्टरला सहा वर्षांचे विद्यापीठ शिक्षण आणि सरकारी परवाना परीक्षा असते. १९८७ पासून ॲक्युपंक्चर आणि ठरावीक काढ्यांची चूर्णे तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात आहेत. म्हणजे मजुरालाही ती परवडतात. असा डॉक्टर नाडी पाहतो, जीभ पाहतो, पोट दाबून पाहतो, झोप आणि राग याबद्दल विचारतो. मग मनगटाच्या आतल्या बाजूला तीन बोटे वर, बेंबी आणि छातीच्या हाडाच्या मध्यावर, गुडघ्याखाली अशा जागी केसासारख्या बारीक सुया टोचतो. काढा उकळून बंद पाकिटांत भरून देतात, ते गरम पाण्यात ठेवून कोमट करून प्यायचे. मालिकांमध्ये दिसते ती तपकिरी पाकिटे हीच. (सुयांचा विषय निघालाच आहे म्हणून : आपल्या गल्लीत कुणी ॲक्युपंक्चर करतो म्हणाला तर सुई नव्या सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढायला लावा. वापरलेल्या सुईतून कावीळ ब आणि एचआयव्ही पसरतो. यात भिडेला जागा नाही.)

या वैद्यकीचा सर्वांत मोठा ग्रंथ 'तोंगुइ बोगाम'. राजवैद्य हो जुन यांनी तो १६१० साली पुरा केला, १६१३ साली छापला गेला, आणि २००९ साली युनेस्कोने जागतिक स्मृतींच्या नोंदीत घेतला. आम्हाला या ग्रंथापेक्षा त्याच्या कर्त्याबद्दल अधिक सांगावेसे वाटते. हो जुन हे लग्नाच्या पहिल्या बायकोचे मूल नव्हते. त्या काळच्या कोरियात अशा मुलांना जन्मावरूनच कमी लेखत, मोठ्या अधिकारपदांची दारे त्यांना बंद असत. राजाने त्यांना वरचा हुद्दा द्यायचे ठरवले तेव्हा दरबारातल्या उच्चकुलीनांनी हरकत घेतली. राजा वारला तेव्हा त्याचा ठपका ठेवून त्यांना हद्दपार केले गेले. तरी ग्रंथ त्यांनी सोडला नाही. पंडितांची भाषा तेव्हा चिनी होती. ग्रंथही तिच्यातच आहे. पण औषधी झाडांची नावे त्यांनी सामान्य लोकांच्या कोरियन लिपीतही दिली. कारण गरिबाला आपल्या बांधावरची वनस्पती ओळखता यावी. ज्यांच्यापासून अक्षर लपवले गेले त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

कोरियात आणखी एका दुखण्याचा घशाशी संबंध लावतात. त्याचे नाव ह्वाब्योंग, म्हणजे रागाचा आजार, कोंडलेल्या आगीचा आजार. वर्षानुवर्षे अन्याय गिळलेल्या मध्यमवयीन बायकांत तो जास्त आढळतो : छातीत-पोटात गोळा, अंगात उष्णतेच्या लाटा, झोप नाही, अन्न पचत नाही, सारखे उसासे. अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेनेही १९९४ च्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद घेतली. नवऱ्याची दारू, सासूची बोलणी, मालकिणीने चोरीचा घेतलेला आळ, हे सगळे गिळून गप्प बसणाऱ्या बायका आम्ही ओपीडीत पाहिल्या आहेत. त्यांच्या घशातला गोळा गोळ्यांनी जात नाही. त्यांना "काही नाही, मनाचे आहे" म्हणून परत पाठवणे हा उपचार नव्हे. मनाचा ताण वाढला की घशाचे स्नायू आवळतात आणि थोडे आम्लही जास्त झोंबते. त्यामुळे शरीर आणि मन दोन्हीकडे पाहावे लागते. याबाबतीत कोरियन वैद्य निदान विचारतो तरी.

आता खरा प्रश्न. या काढ्याने आवाज सुटतो का? काहींना आराम पडल्याचे छोटे अभ्यास कोरिया आणि चीनमध्ये झाले आहेत. पण छातीठोकपणे सांगावे इतका भक्कम पुरावा नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर आपल्या ॲसिडिटीच्या गोळ्यांचेही फार वेगळे नाही. इंग्लंडमध्ये घशाचा असा जुना त्रास असलेल्या ३४६ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांना १६ आठवडे दिवसातून दोनदा लॅन्सोप्राझोलची गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. निकाल २०२१ साली छापून आला : दोन्ही गटांना आराम पडला आणि जवळपास सारखाच पडला. छातीत जळजळ असेल तर या गोळ्या उपयोगी आहेत, त्यात वाद नाही. पण फक्त घशासाठी मेडिकलमधून पट्ट्याच्या पट्ट्या आणून वर्षानुवर्षे गिळण्यात पैसा जातो आणि खरे कारण झाकले जाते.

आणि इथेच कोरियाची गोष्ट पूर्ण सांगायला हवी, जी मालिकेत दिसत नाही. तिथे चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची दर दोन वर्षांनी सरकारी खर्चाने पोटाची दुर्बिणीतून तपासणी होऊ शकते, कारण जठराचा कर्करोग तिथे फार. कान-नाक-घशाचे दवाखाने मोहल्ल्यामोहल्ल्यात आहेत, चिठ्ठीशिवाय थेट जाता येते. काढा पिणाऱ्याच्या घशात आणि पोटात कुणीतरी आधी डोकावून पाहण्याची सोय तिथे हाताशी असते. आपल्याकडे तपासणी मागे राहते आणि पाकीट आधी येते. त्यातून आपल्या वस्तीत मिश्री, तंबाखू, गुटखा, बिडी घराघरांत. घशाच्या कर्करोगाची पहिली खूण कित्येकदा नुसता बसलेला आवाज असते. त्या वेळी पकडला तर आवाजासकट माणूस वाचू शकतो. काढा, जेष्ठमध, गोळ्या करत सहा महिने घालवले तर नाही.

म्हणून आवाज तीन-चार आठवड्यांत पूर्ववत झाला नाही तर सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात स्वरयंत्र तपासून घ्यायचेच. तंबाखू, मिश्री, बिडी, दारू असेल तर तीन आठवड्यांच्या वर एक दिवस थांबायचे नाही. गिळताना दुखणे किंवा घास अडकणे, थुंकीत रक्त, मानेत गाठ, एकाच कानात कळ, वजन उतरणे, श्वास घेताना आवाज येणे, यांतले काही असेल तर आठवडे मोजायचे नाहीत, लगेच जायचे. तपासणी म्हणजे ऑपरेशन नव्हे. आरसा किंवा बारीक दुर्बीण घालून पाच-दहा मिनिटांत पाहतात.

तपासणीत काही गंभीर नाही निघाले, तर बहुतेक इलाज घरातच आहे आणि फुकट आहे. रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर. ज्यांच्या घरी कामावरून यायलाच दहा वाजतात त्यांना हे सांगणे सोपे नाही, याची आम्हाला जाण आहे. त्यांनी मुख्य जेवण डब्यात संध्याकाळीच उरकावे आणि रात्री थोडी पेज किंवा मऊ भात घ्यावा. १४ एप्रिलच्या दिवसांत कलावंतांचे कार्यक्रम मध्यरात्री संपतात, मग तर्रीदार मटण आणि लगेच आडवे होणे. दुसऱ्या दिवशी आवाज का लागत नाही याचे कोडे पडू नये. खाट असेल तर डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती वीतभर उंच करा. जमिनीवर झोपत असाल तर गोधड्यांची उतरती घडी कमरेपासून डोक्यापर्यंत घाला. नुसत्या दोन उशा मानेखाली घेऊ नका, त्याने पोट दुमडते आणि आम्ल उलट जास्त वर ढकलले जाते. डाव्या कुशीवर झोपा. त्या कुशीवर जठराचे तोंड वर राहते. परकराचा नाडा, पॅन्टचा पट्टा जेवताना सैल करा. जेवल्याबरोबर हंडे उचलू नका. उपाशीपोटी कडक चहा, कोला, तळलेले, फार तिखट, दारू कमी. तंबाखू आणि मिश्री मात्र कमी नाही, बंद. निकोटीनने खालचे दार सैल पडते. अंगदुखीच्या गोळ्या रोज घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. खाकरायची हुक्की आली की घोटभर पाणी गिळा, कारण प्रत्येक खाकरण्याने स्वरपट्ट्या एकमेकींवर आपटतात. कुजबुजून बोलल्यानेही त्यांना ताण पडतो. हळू पण नेहमीच्या आवाजात बोला. हे सगळे चार दिवसांत फळ देत नाही. दोन-तीन महिने धरा.

२०१७ साली अमेरिकेत छापलेल्या एका अभ्यासात असेच दिसले की भाजी-डाळ-धान्य जास्त, मांस-दूध थोडे असा आहार आणि अल्कली पाणी घेणाऱ्या रुग्णांना सहा आठवड्यांत गोळ्या घेणाऱ्यांइतकाच आराम पडला. त्यावरून अल्कली पाण्याची हजारो रुपयांची यंत्रे विकणारे दारात येतील. त्यांना चहा पाजून परत पाठवा. भाकरी, भाजी, वरण आपल्या घरात आहेच.

जेष्ठमधाबद्दल विचारणा फार होते. कोरियात त्याला गामचो म्हणतात आणि तो इतक्या काढ्यांत पडतो की सगळीकडे उपस्थित असणाऱ्या माणसाला तिथे 'औषधालयातला गामचो' म्हणतात. घसा त्याने क्षणभर मऊ होतो. पण रोज आठवडेच्या आठवडे चघळला तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम उतरते. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, गरोदर बाईने तो नेमाने घेऊ नये. आल्याचा छोटा तुकडा, सुंठ पेजेत चालेल. कुणाला त्याने जळजळ वाढते, त्यांनी सोडावे.

रुग्णालयात केसपेपर काढल्यावर डॉक्टरांसमोर "घसा दुखतो" एवढेच बोलू नका. आवाज किती आठवड्यांपासून बसला आहे, सकाळी जास्त की संध्याकाळी, तंबाखू-मिश्री किती, कोणत्या गोळ्या, कोणते काढे, सगळे सांगा. कोरियन पाकीट किंवा कुठलीही पुडी आधीच घेऊन झाली असेल तर लाजू नका, तिचे रिकामे वेष्टन सोबत न्या.